आईच्या वाटणीचे दोन एकर

आमच्या मामांनी आपल्या वाट्याची शेतजमीन, पुस्तके, कागदपत्रांचा संग्रह आणि बँकेतील काही ठेव सोलापूरच्या विद्यापीठाला देण्याचे ठरवले आहे. मामा अविवाहित आहेत. एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षे सोलापूरची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती तेव्हाची आहेत. 2004 साली एकाच जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ सोलापुरात उभे राहिले आणि 2019 साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. मामांच्या लेखी ही साधी प्रशासकीय घटना नव्हती. साध्या गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठी मुलांना कोल्हापूरची एसटी पकडावी लागते हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. त्यामुळे द्यायचे तर केगावच्या या विद्यापीठालाच, याबद्दल त्यांच्या मनात कधीच दुमत नव्हते.

कागदपत्रांचे काम माझ्याकडे आले. मी वकील नाही. परंतु दान म्हणजे एका चांगल्या दिवशी सही करून मोकळे होणे, एवढीच ज्यांची कल्पना आहे अशांसाठी या कामात समजलेल्या गोष्टी लिहून ठेवाव्यात, असे वाटले. लिहिताना हेही सांगितले पाहिजे की ही जमीन विद्यापीठाला गेली नाही तर तिचा काही भाग आईमार्फत पुढेमागे माझ्याकडेच येणार होता. तेव्हा मी तटस्थ आहे असे कोणी समजू नये.

जमीन उत्तर सोलापूर तालुक्यातली. सातबारावर क्षेत्र 2 हेक्टर 43 आर, म्हणजे सहा एकर; काळी, खोल, जिरायत. एक विहीर आहे, तिला मार्चनंतर पाण्याचा भरवसा नाही. आजोबांनी ती स्वतःच्या कमाईतून घेतली होती आणि मृत्युपत्र न करता ते गेले. आजीही गेल्यावर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मामा, आई आणि मावशी या तिघांचा हक्क समान झाला आणि वारस नोंदीचा फेरफार होऊन तिघांचीही नावे सातबारावर लागली. आमच्या घरात मात्र सगळे त्या जमिनीला ‘मामाचे रान’ म्हणत आले. जमीन कसायला लावणे, बी-बियाणे पाहणे, शेतसारा भरणे हे मामाच करत असल्यामुळे, शिवाय भावाकडे वाटणी मागणाऱ्या बहिणीकडे गावात कोणत्या नजरेने पाहिले जाते हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे, त्या बोलण्याला कोणी हरकत घेतली नव्हती.

वकिलांनी पहिल्याच भेटीत सोपा मार्ग सुचवला. दोघी बहिणींनी भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यावे. वारसाहक्काने आलेल्या मिळकतीत भावाच्या नावे असे सोडपत्र केले तर मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र लागते. मग सहाही एकर मामांच्या एकट्याच्या नावावर येतील आणि बक्षीसपत्र, म्हणजे दानाचा दस्त, एकट्यांच्या सहीने होईल. सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयात सकाळी जाऊन बसले तर भावांसाठी सोडपत्रावर अंगठा किंवा सही करणाऱ्या बहिणी दिसतातच. मावशी लगेच हो म्हणाली. आई काही बोलली नाही, रात्री जेवताना म्हणाली, “माझ्या वाटणीचं द्यायला माझी ना नाही. पण ते आधी भावाला का देऊ? माझं मीच देते की.”

मामांना हे आधी रुचले नाही. विद्यापीठाला एक दाता सोयीचा, तीन माणसे म्हणजे तीन तऱ्हा, असे त्यांचे म्हणणे होते. मला मात्र आईचे म्हणणे भावनेपेक्षा व्यवहाराच्या अंगाने अधिक पटले. मुंबई विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून 1878 साली पूर्ण झाला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले. महर्षी कर्व्यांनी 1916 साली सुरू केलेल्या महिला विद्यापीठाला 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले. या दोन्ही देणग्यांचे मोल मोठेच आहे. पण दोन्ही ठिकाणी आईचे नाव मुलाच्या हातून लागले, हेही खरे. माझ्या आईला नावाची पाटी नको आहे. दस्तात देणार म्हणून तिची सही हवी आहे, एवढेच तिचे मागणे होते आणि कायदाही तेवढेच म्हणतो: ज्याची मालमत्ता आहे, त्याने ती द्यावी.

मग मावशीचा प्रश्न उलगडला. सोडपत्राला तिने हो म्हटले होते ते भावाचा शब्द मोडायचा नाही म्हणून. आई स्वतंत्रपणे देणार म्हटल्यावर मावशीने, काहीशा संकोचाने, सांगितले की तिच्या घरची परिस्थिती पाहता दोन एकर सोडणे तिला परवडणारे नाही. हे तिने आधी का सांगितले नाही, असा राग मामांना आला, आणि मला वाटते तो अन्यायाचा होता. कारण तिला कोणी विचारलेच नव्हते. आता दान सहा एकरांचे नसून चार एकरांचे आहे. मावशीचे दोन एकर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदारांकडून वाटप करून वेगळे काढायचे आहेत आणि त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दी कायम करायच्या आहेत.

इतर कुटुंबांसाठी इथे एक सावधगिरी नोंदवतो. आमची जमीन आजोबांची स्वकष्टार्जित होती म्हणून प्रश्न तुलनेने सरळ होता. जमीन वडिलोपार्जित आणि एकत्र कुटुंबाची असेल, तर एखाद्या सहदायादाला, म्हणजे जन्मानेच हक्क असलेल्या हिस्सेदाराला, आपला अविभक्त हिस्सा इतर सहदायादांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली ही गोष्ट स्पष्ट केली आहे. मृत्युपत्राने मात्र तसा हिस्सा देता येतो. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीही जन्माने सहदायाद ठरतात, त्यामुळे ‘बहिणींचे लग्न झाले, त्यांचा काय संबंध’ हा जुना सूर आता कायद्यापुढे टिकत नाही. एखाद्या संस्थेने आनंदाने दान घ्यावे, कोनशिला बसवावी आणि पुढे कोणा पुतण्याचा किंवा भाचीचा दावा दाखल व्हावा, हे टाळायचे असेल तर वाटणी आधी आणि दान नंतर, हाच क्रम ठेवावा.

बक्षीसपत्राविषयीचे मूळ नियम 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहेत. स्थावर मालमत्तेचे दान नोंदणीकृत दस्तानेच होते. त्यावर देणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घेणाऱ्याने ते दान देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारले पाहिजे. घेणारी व्यक्ती असेल तर ती दस्तावर सही करून मोकळी होते. विद्यापीठ व्यक्ती नाही. त्याच्या वतीने देणग्या, मृत्युपत्रित दाने आणि मालमत्ता स्वीकारण्याचा अधिकार सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने व्यवस्थापन परिषदेला दिलेला आहे. कुलगुरूंना भेटून पेढे देऊन आले म्हणजे दान झाले, असे होत नाही. परिषदेचा ठराव होऊन त्याची प्रत हाती आल्यावरच दस्ताची तारीख घ्यावी. वृद्ध दात्याच्या बाबतीत या दोन टप्प्यांमधला काळ हीच खरी जोखीम असते, आणि म्हणून मामांनी त्या काळापुरते एक मृत्युपत्रही करून ठेवले आहे.

शेतजमिनीची आणखी एक अडचण आहे. कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता किंवा बक्षीस देता येत नाही, त्यासाठी परवानगी लागते. त्याच कायद्यात विद्यापीठांनी धारण केलेल्या जमिनींसाठी काही सूट आहे. पण ती सूट विद्यापीठाकडे जमीन येण्याच्या व्यवहारालाही लागू होते असे आपणच ठरवून टाकणे धोक्याचे आहे. आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी उत्तर घेण्याचे ठरवले. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी), कुळाला मिळालेली किंवा इनाम-वतनाची असेल तर शर्ती आणखी कडक असतात. त्यासाठी चालू सातबारा पुरत नाही. जुने फेरफार काढून वाचावे लागतात. आमच्या सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात विकास सोसायटीचा एक जुना बोजा होता. कर्ज कधीच फिटले होते, बोजा कमी करायचा राहिला होता. असले बोजे गावोगावी हजारो उताऱ्यांवर पडून असतात आणि जमीन द्यायची किंवा विकायची वेळ येईपर्यंत कोणाला त्यांची आठवण होत नाही.

खर्चाचेही सांगतो. राहते घर किंवा शेती नवरा, बायको, मुले, नातवंडे यांना बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. संस्थेला देताना ती सवलत नाही. खरेदीखताच्या दराने, शासनाच्या बाजारमूल्य तक्त्यावर आकारणी होते. विद्यापीठासाठी माफी लागू होते का, हे मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी दस्ताचा मसुदा देऊन आधीच ठरवून घेता येते. प्राप्तिकरात लोक ज्या ‘80 जी’ सवलतीबद्दल बोलतात ती फक्त पैशाच्या देणगीला मिळते. जमीन, पुस्तके, वस्तू दिल्या तर मिळत नाही. मामांना याचे वाईट वाटले नाही. त्यांच्या सीएला वाटले.

आता ज्याचा विचार दाते सहसा करत नाहीत ते: चार एकर घेऊन विद्यापीठ काय करणार? केगावच्या आवारापासून लांब, एका कोपऱ्यातली जमीन सांभाळायची म्हणजे राखण आली, बांध कोरणारे शेजारी आले, अतिक्रमण आले. शेतीच्या संशोधनासाठीच जमीन द्यायची असेल तर राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ अधिक योग्य ठरेल, असे मी मामांना सुचवले होते. ज्वारीची मालदांडी आपल्याच जिल्ह्यात मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडली गेली. कोरडवाहू शेतीचे काम सोलापुरात अनेक वर्षे चालू आहे. मामांचे उत्तर होते की त्यांना पिकाचे वाण काढायचे नाही, शिकणाऱ्या मुलांची फी भरायची आहे. तसे असेल तर दस्तात ‘केवळ शेतीसंशोधनासाठी’ असे लिहून विद्यापीठाचे हात बांधण्यात अर्थ नाही. आम्ही उद्देश ‘गरजू विद्यार्थ्यांना साहाय्य व त्यासाठी उत्पन्न मिळवणे’ असा रुंद ठेवला आहे.

हेतू स्पष्ट असला की दान दात्याच्या पश्चातही काम करते, याचे उदाहरण विदर्भात आहे. कामठीचे उद्योजक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी 1930 साली मृत्युपत्राने सुमारे 35 लाख रुपये नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी ठेवले. त्यांच्या नावाची तंत्रज्ञान संस्था सुरू व्हायला 1942 साल उजाडले. बारा वर्षे लागली, पण पैसा ठरलेल्या कामालाच लागला. डॉ. हरिसिंग गौर यांनी 1946 साली सागरला विद्यापीठ काढताना वकिलीच्या कमाईतले 20 लाख रुपये घातले. त्या तोडीचे दान आमच्यासारख्यांच्या आवाक्यातले नव्हे, पण पैसा कुठे आणि कशासाठी हे त्यांनी जिवंतपणी ठरवले, हे तरी आपल्याला घेता येते.

अटींबाबत एक मर्यादा आहे. ‘मला वाटेल तेव्हा परत घेईन’ अशी अट घातली तर दान टिकत नाही. दात्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली विशिष्ट घटना घडली तर दान रद्द होईल, एवढे मात्र दोन्ही बाजूंना ठरवता येते. तसेच दान करूनही आयुष्यभर उपभोगाचा हक्क राखून ठेवता येतो. ताबा दिला नाही म्हणून बक्षीसपत्र रद्द ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या निकालात म्हटले आहे. घर देऊन त्याच घरात शेवटपर्यंत राहू इच्छिणाऱ्या एकट्या माणसांना हे माहीत असणे गरजेचे आहे. मामांचे घर भाड्याचे असल्यामुळे आमच्यापुढे तो प्रश्न आला नाही.

पुस्तकांचे काम जमिनीपेक्षा नाजूक निघाले. मामांना वाटत होते की दोन कपाटे भरून पुस्तके आहेत, ग्रंथालय आनंदाने घेऊन जाईल. पदवीच्या जुन्या अभ्यासक्रमाची क्रमिक पुस्तके कोणत्याही ग्रंथालयाला नको असतात. प्रत्येक पुस्तकाला दाखल नोंद, वर्गीकरण, जागा आणि निगा लागते. फुकट मिळालेले पुस्तकही ग्रंथपालाला फुकटात पडत नाही. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा ग्रंथसंग्रह 1917 साली स्थापन झालेल्या प्राच्यविद्या संस्थेला मिळाला तेव्हा त्यामागे एका विद्वानाने आयुष्यभर केलेली निवड होती. आपल्या घरातला संग्रह बहुधा निवडीने झालेला नसतो, साचलेला असतो. मी आणि मामांनी मिळून यादी केली तेव्हा त्यांनी स्वतःच निम्म्याहून अधिक पुस्तके बाजूला काढली, आणि तो दिवस त्यांना जड गेला हे दिसत होते.

मामांनी ज्याला कधी ‘संग्रह’ म्हटलेच नव्हते, तो ऐवज मात्र खरोखर देण्यासारखा निघाला. रंगरसायन शिकवत असल्यामुळे त्यांचा सोलापूरच्या पूर्वभागातल्या, म्हणजे विणकर वस्तीतल्या, रंगारी आणि कारखानदार मंडळींशी घरोबा होता. जकार्ड मागावरच्या चादरींच्या नक्ष्या पूर्वी ग्राफ कागदावर हाताने रंगवत. एकेक चौकट म्हणजे ताणा-बाण्याची एकेक गाठभेट. त्यावरून पुठ्ठ्याची कार्डे भोके पाडून तयार होत आणि ती दोऱ्यात ओवून त्यांची माळ मागावर चढे. संगणक आल्यावर लोकांनी ही कार्डे रद्दीत घातली. मामांनी काही माळा आणि ग्राफ मागून आणले होते. एका ग्राफवर मोराच्या पिसाऱ्यातले तीन चौकोन खोडून पुन्हा रंगवलेले आहेत आणि समासात शिसपेन्सिलीने तेलुगूत काहीतरी लिहिले आहे. शिवाय रंगांच्या नमुन्यांच्या वह्या आहेत: प्रत्येक पानावर सुताची छोटी लडी टाचलेली, खाली रंगाचे प्रमाण, तापमान आणि ‘धुण्यात उतरला’ किंवा ‘टिकला’ असा शेरा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; पण ती चादर घडत कशी होती याची अशी कागदपत्रे किती ठिकाणी शिल्लक असतील, याची मला शंका आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात असा कागद लवकर ठिसूळ होतो आणि पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या माळांना कसर लागलेली आहे. जंगम वस्तूंचे दान नुसत्या ताबा देण्यानेही पूर्ण होते, नोंदणी लागत नाही. तरीही आम्ही प्रत्येक वस्तूचे छायाचित्र आणि क्रमांक असलेली यादी दोन प्रतींत करत आहोत आणि पोच घेणार आहोत. नाहीतर या गोष्टी एखाद्या खोलीत जाऊन पडतात आणि खोली बदलली की नाहीशा होतात.

बँकेतली ठेव कायम निधी म्हणून द्यायची आहे: मुद्दल अखंड ठेवायचे, व्याज वापरायचे. मामांच्या मनात आधी सुवर्णपदक होते. मी त्याला स्पष्ट विरोध केला. जुन्या काळी ठेवलेल्या कित्येक पारितोषिक निधींच्या व्याजात आज पदकाला सोन्याचा मुलामाही होत नाही. त्यापेक्षा त्या रकमेतून नक्ष्यांच्या संग्रहाचे डिजिटल रूपांतर आणि जतन व्हावे, असे ठरले. वस्तू देताना तिच्या निगेचे पैसेही द्यावेत, हे मला या सगळ्या खटाटोपातले सर्वात शहाणपणाचे कलम वाटते.

आणि वाटेकरी. आमचे रान अनेक वर्षे एकाच कुटुंबाकडे वाट्याने आहे. कूळ म्हणून त्यांचे नाव कुठे लागलेले नाही, त्यामुळे कायद्याने ते अडवू शकत नाहीत. परंतु ज्यांनी जमीन राबवली त्यांना दस्त झाल्यावर कळावे, हे आईला आणि मामांना दोघांनाही मान्य नव्हते. मामा स्वतः जाऊन बोलून आले. सध्या रानात शाळू उभा आहे. तो काढून, मळून, कडबा त्यांच्या घरी गेल्यानंतरच मोजणीच्या खुणा रोवायच्या आणि पुढची कामे करायची, असे ठरले आहे. मावशीच्या दोन एकरांत त्यांनी पुढेही राबावे, असे मावशीने त्यांना सांगितले आहे.

राहिला आहे तो विहिरीचा आणि वाटेचा मसुदा. विहीर आईच्या वाटणीत येते आणि मावशीच्या दोन एकरांना तिच्याशिवाय पाणी नाही, तेव्हा पाण्याच्या पाळ्या आणि मोटारीच्या वीजबिलाचा हिस्सा विद्यापीठावरही बंधनकारक राहील अशा शब्दांत आधी वाटपात आणि मग बक्षीसपत्रात लिहावा लागणार आहे. मावशीच्या तुकड्याकडे जाणारी वाट आजवर बैलगाडीपुरती होती. मावशीचा मुलगा ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र जाईल इतकी मागतो आहे, मामा म्हणतात तेवढी वाट सोडली तर दानाच्या जमिनीतली गुंठाभर जागा नाहक जाते. वकिलांनी दोन वेगवेगळ्या रुंदीचे मसुदे करून पाठवले आहेत आणि रविवारी सगळ्यांनी बांधावर उभे राहून टेप लावायचे ठरले आहे.